आईला आमवात आहे, मग मुलीने झिंक घ्यावं का? खनिजं आणि आमवाताचा धोका

पथ्यपाणी_गोकुळपेठ

नमस्कार मंडळी. सांधेरोगाच्या ओपीडीबाहेर वाटायला एक पानी मराठी पत्रक तयार करायचं आहे. विषय रूमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. गुडघ्याची झीज नव्हे, युरिक अ‍ॅसिडही नव्हे.

रुग्णाने काय खावं यावर साहित्य भरपूर आहे. अडलंय ते ज्यांना आजार अजून झालेला नाही त्यांच्यापाशी. आई किंवा मोठी बहीण रुग्ण असते आणि सोबत आलेली पंचवीस-तीस वर्षांची मुलगी विचारते, "मला होऊ नये म्हणून काय घेऊ?" तोवर घरात काहीतरी सुरू झालेलंच असतं. कुणी झिंक-सेलेनियमची कॅप्सूल घेतं, कुणी लोह बंद करतं कारण "लोहाने सूज वाढते", कुणी तांब्याचं कडं घालतं. मीठ सोडून सैंधव आणणारे आहेत, आरओमुळे खनिजं गेली म्हणून फिल्टर काढून टाकणारेही आहेत.

विचारायचं ते एवढंच: ताटातल्या खनिजांचा आमवात होण्या-न होण्याशी संबंध कितपत सिद्ध आहे? पत्रकात काय छापावं, काय छापू नये? "संतुलित आहार घ्या" हे वाक्य मला छापायचं नाही, ते कोणी वाचत नाही.

सांधेजोड_धंतोली

ताई, आधी धोक्याचा आकडा मांडा, बाकीचं त्यावर बसतं. भारतातल्या प्रौढांत हा आजार साधारण ०.७५ टक्के, म्हणजे हजारात सात-आठ जणांना. सख्ख्या नात्यात रुग्ण असेल तर धोका ढोबळ मानाने तिप्पट धरा, म्हणजे हजारात वीस-बावीस. याचा अर्थ तुमचं पत्रक वाचणाऱ्या हजार मुलींपैकी नऊशे पंच्याहत्तरांना तो होणारच नाही, त्यांनी काहीही खाल्लं तरी. कॅप्सूल घेतली आणि आजार झाला नाही, तर श्रेय कॅप्सूलला जातं. बाजार त्यावरच चालतो.

आता खनिजं. सगळा घोळ एका गोष्टीने झालाय: आमवाताच्या रुग्णांचं रक्त तपासलं की झिंक कमी, सेलेनियम कमी, लोह कमी आणि तांबं जास्त सापडतं. हे खरं आहे, पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. त्यावरून लोक उलटा निष्कर्ष काढतात की झिंक कमी होतं म्हणून आजार झाला. प्रत्यक्षात सूज आली की शरीर स्वतःच ही खनिजं हलवतं. सुजेचा निरोप नेणारं इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन वाढलं की यकृत झिंक ओढून घेतं, लोहावर ताबा ठेवणारं हेप्सिडिन हे संप्रेरक वाढून लोह पेशींत कोंडलं जातं, आणि तांबं वाहून नेणारं सेरुलोप्लास्मिन यकृत जास्त बनवतं म्हणून रक्तातलं तांबं वर जातं. साध्या न्यूमोनियातही हेच चित्र दिसतं. म्हणजे रक्तातला आकडा बऱ्याचदा सुजेची सावली असतो, ताटाचा हिशेब नसतो.

म्हणून आजार होण्याआधी आहार विचारून वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेले अभ्यास पाहावे लागतात. ते मोजकेच आहेत.

झिंक: अमेरिकेत आयोवा राज्यात ५५ ते ६९ वयाच्या २९,३६८ बायकांचा ११ वर्षं पाठपुरावा झाला. त्यांत १५२ जणींना आमवात झाला. झिंकच्या गोळ्या घेणाऱ्यांत आजार कमी दिसला. ऐकायला छान. पण १५२ मधल्या गोळी घेणाऱ्या मोजक्याच, आणि गोळ्या घेणाऱ्या बायका इतरही बाबतीत वेगळ्या असतात: सिगारेट कमी, वजन आटोक्यात, डॉक्टरकडे वेळेवर. रोग झालेल्यांवर १९७६ मध्ये एक छोटा प्रयोग झाला होता, २४ रुग्ण, झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. सांधे सुधारले असं निघालं. पुढच्या प्रयोगांत ते टिकलं नाही. आनुवंशिक पद्धतीने, म्हणजे जन्मतःच ज्यांची झिंक-तांब्याची पातळी कमी-जास्त असते त्यांची तुलना करून, २०२१ मध्ये पाहिलं गेलं तेव्हा आमवाताशी नातं दिसलं नाही. झिजेच्या सांधेदुखीशी दिसलं, आणि तेही जास्त पातळी असणाऱ्यांत.

सेलेनियम: फिनलंडमध्ये जुन्या साठवलेल्या रक्तावरून कमी सेलेनियम आणि आर-एफ निगेटिव्ह आमवात यांचं नातं सुचवलं गेलं. आर-एफ (रूमेटॉइड फॅक्टर) आणि अँटी-सीसीपी या आमवातात रक्तात सापडणाऱ्या अँटीबॉडी. आपल्याकडे येणारा नेहमीचा रुग्ण आर-एफ किंवा अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असतो, त्याला ते लागू होत नाही. झालेल्या आजारात रोज २०० मायक्रोग्रॅम देऊन पाहिलं गेलं आहे, खोट्या गोळीपेक्षा ठळक फरक नाही.

लोह: अमेरिकन परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत ८२ हजारांवर बायका होत्या, ५४६ जणींना आमवात झाला. लोह, लाल मांस, एकूण प्रथिनं, कशाचाच संबंध निघाला नाही. तेव्हा "लोह बंद करा" हे वाक्य पत्रकात येऊच देऊ नका. विदर्भातल्या मुलींत आधीच पंडुरोग केवढा, त्यात लोह तोडणं म्हणजे आजारावर आजार. शाळेत मिळणारी निळी लोहाची गोळी आई आमवाताची आहे म्हणून थांबवायची नाही. फक्त सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर वेगळा विचार. वारंवार रक्त चढवलेल्यांत लोह साठलेलं असतं, तिथे हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून गोळी लावायची नाही, आधी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा सांगणारी तपासणी बघायची.

मीठ: इथे थोडं थांबा, कारण यात खरोखर काहीतरी आहे. स्वीडनमध्ये ३८६ रुग्णांचा, आजार होण्याच्या कित्येक वर्षं आधी नोंदवलेला आहार तपासला. सगळ्यांत मिळून मिठाचा संबंध नाही. फक्त सिगारेट ओढणाऱ्यांत पाहिलं तर जास्त मीठ खाणाऱ्यांचा धोका दुपटीहून अधिक. २०१५ चं हे काम. त्याच वर्षी स्पेनमधल्या अठरा हजारांवर पदवीधरांच्या पाहणीत जास्त सोडियम घेणाऱ्यांत आमवाताचं निदान जास्त दिसलं, पण तिथे निदान लोकांनी स्वतः सांगितलेलं, आणि हाताला कळ लागली की आमवात म्हणणारे सगळीकडे आहेत. उंदरांत मिठाने टी-एच-१७ या सूज वाढवणाऱ्या प्रतिकार पेशी चेवतात हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं, पण तो प्रयोग मेंदू-मज्जारज्जूच्या आजारावर होता, सांध्यांवर नाही.

माझ्या मते पत्रकात मिठाची एक ओळ हवी: दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, त्यातच लोणचं, पापड, ताकातलं मीठ, सगळं धरून. रक्तदाबासाठी ती कामाची आहेच. सैंधव, काळं मीठ, समुद्री मीठ, सोडियम सगळ्यांत जवळपास तेवढंच. सैंधवात आयोडिन मात्र बहुधा नसतं, एवढाच फरक, आणि तो तोट्याचा.

मॅग्नेशियम आणि कॅल्शियम: आमवात होऊ नये म्हणून यांचा उपयोग आहे असं म्हणण्याजोगा पुरावा नाही. कॅल्शियमचा प्रश्न आजार झाल्यावर, स्टेरॉइड सुरू झालं की येतो.

ट्रेसट्यूब_रामदासपेठ

वरच्या उत्तरात रक्तातल्या पातळीचं आलंच आहे, तपासणीच्या बाजूने थोडं. सध्या "मिनरल प्रोफाइल"ची पॅकेजं घेऊन लोक येतात आणि अहवालात झिंक कमी दिसलं की लगेच गोळी सुरू होते. हा आकडा का चुकतो ते पाहा.

झिंकचा नमुना सकाळी उपाशीपोटी घ्यायचा. जेवणानंतर पातळी उतरते, संध्याकाळी आणखी उतरते. ट्रेस एलिमेंटची खास ट्यूब लागते. साध्या ट्यूबच्या रबरी बुचातून झिंक मिसळतं आणि आकडा खोटा वाढतो. रक्त फुटलं, म्हणजे हिमोलाइज झालं, तरी वाढतो, कारण लाल पेशींत झिंक भरपूर. म्हणजे एकाच बाईचा नमुना दुपारी जेवून घेतला तर "कमतरता", आणि चुकीच्या ट्यूबमध्ये घेतला तर "उत्तम". सीरम अल्ब्युमिन कमी असेल तरी झिंक कमी दिसतं, कारण त्याचा मोठा भाग अल्ब्युमिनला चिकटून फिरतो.

नियम सोपा ठेवा: झिंक, सेलेनियम, तांबं, फेरिटिन, यांतलं काहीही मागवलं की त्याच नमुन्यात सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी तपासणी, मागवा. सीआरपी चढलेलं असेल तर कमी झिंक आणि जास्त तांबं यावरून आहाराबद्दल काहीच बोलायचं नाही. फेरिटिन उलट दिशेने फसवतं. सूज नसेल तर ३० च्या खाली म्हणजे लोह कमी हे सरळ आहे. सूज असेल तर फेरिटिन ७०-८० दिसत असतानाही लोह संपलेलं असू शकतं, म्हणून १०० पर्यंत संशय धरायचा आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय, ते पाहायचं. ते २० टक्क्यांच्या खाली गेलं तर लोहाची उणीव गृहीत धरा.

केसांची मिनरल तपासणी पत्रकात नावासकट नाकारा. शाम्पू, मेंदी, केसाचा रंग, आपलं बोअरचं पाणी, सगळं त्यात उतरतं.

महालकर_बंडू

बाप्पा, एवढं सगळं सांगितलं पण चुन्याचं काहून राहिलं? मोबाइलवर रोज येतं, गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात किंवा उसाच्या रसात घ्या, सत्तर रोग बरे होतात, त्यात संधिवात पयला. आमच्या गल्लीत अर्धे लोक घेऊन राहिले. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यात तर चुना असतोच, मग खर्रा खाणाऱ्याले आमवात व्हायलाच नको का?

सांधेजोड_धंतोली

बंडूभाऊ, शेवटच्या वाक्यात तुम्हीच निकाल लावलात.

हिशेब करू. गव्हाच्या दाण्याएवढा ओला चुना म्हणजे चाळीस-पन्नास मिलिग्रॅम, त्यात निम्मं पाणी. कोरड्या चुन्यात कॅल्शियम ५४ टक्के. हाती लागलं दहा-पंधरा मिलिग्रॅम कॅल्शियम. तेवढं दोन-तीन छोट्या चमच्यांच्या दुधात असतं. दिवसाची गरज १,००० मिलिग्रॅम. आणि कॅल्शियम मिळालं तरी आमवात हा कॅल्शियमच्या उणिवेचा आजारच नाही. प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते, त्यातून तो होतो.

खर्ऱ्यात चुना वेगळं काम करतो. तंबाखू क्षारीय झाली की निकोटिन मोकळं होऊन गालातून भराभर शोषलं जातं, म्हणून कीक बसते. स्वीडनमधल्या तोंडात धरायच्या तंबाखूचा आमवाताशी संबंध दिसलेला नाही, हेही सांगायला हवं. पण त्या तंबाखूत सुपारी नसते आणि चुनाही नसतो. खर्ऱ्याने हिरड्या जातात, आणि हिरड्यांच्या जुनाट आजारात सापडणारा पोर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस हा जंतू प्रथिनांचं सिट्रुलिनेशन करतो, म्हणजे त्यांची रासायनिक घडण बदलतो. अँटी-सीसीपी ज्यांच्याविरुद्ध तयार होतात ती हीच बदललेली प्रथिनं. कर्करोगाचं तर वेगळं सांगायला नको. पत्रकात खर्ऱ्याला जागा द्याच, पण "दातांसाठी" या शीर्षकाखाली.

खाणआरोग्य_सावनेर

चर्चा ताटापुरती चाललीय म्हणून सांगतो: आमवाताचा धोका ठामपणे वाढवणारं खनिज आहे, पण ते तोंडावाटे जात नाही. सिलिका. दगडाची धूळ.

१९५३ मध्ये कॅप्लन यांनी वेल्समधल्या कोळसा कामगारांच्या छातीच्या एक्स-रेत गोल गाठी आणि जोडीला आमवात असं चित्र वर्णन केलं, आजही त्याला कॅप्लन सिंड्रोम म्हणतात. त्यानंतर स्वीडनमध्ये दगड फोडणाऱ्या, खडक ड्रिल करणाऱ्या पुरुषांत अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आमवात जास्त निघाला. सिलिकाची धूळ आणि चालू सिगारेट दोन्ही असतील तर धोका सातपटीच्या घरात गेला. आहारातल्या कुठल्याही खनिजाचा आकडा याच्या आसपासही येत नाही.

फुप्फुसातल्या भक्षक पेशी सिलिकाचा कण गिळतात, तो पचत नाही, पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी गिळते. हा फेरा वर्षानुवर्षं चालतो. तिथल्या सुजेत प्रथिनं सिट्रुलिनेट होतात आणि सांधे दुखायच्या बऱ्याच आधी रक्तात अँटीबॉडी तयार झालेल्या असतात. सिगारेटही फुप्फुसात हाच उद्योग करते, म्हणून दोघांची जोडी एवढी वाईट.

नागपूरच्या भोवती याला तोटा नाही. गिट्टी क्रशर, दगडखाणी, बोअर मारणारी यंत्रं, ग्रॅनाइट आणि टाइल कापणारे, हिंगण्याच्या औद्योगिक भागातली फाउंड्री, सँडब्लास्टिंग. कोळसा खाणीत कोळशापेक्षा छताचा वालुकाश्म फोडताना सिलिका जास्त उडते, आणि कामठीच्या नावाने ओळखला जाणारा खडक वालुकाश्मच आहे. रामटेक-सावनेर पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजचा त्रास मेंदूला होतो, पार्किन्सनसारखा. सांध्यांचा प्रश्न तिथेही सोबतच्या दगडी धुळीचा.

तेव्हा ताई, पत्रक मुलींसाठी असलं तरी सोबत आलेल्या भावाला, वडिलांना हा प्रश्न विचारा: काम काय करता? उत्तर वरच्या यादीतलं आलं तर सूचना अशा. ग्राइंडरने कोरडं कापायचं नाही, पात्यावर पाण्याची धार ठेवायची. कोरड्या झाडूऐवजी पाणी मारून किंवा व्हॅक्यूमने साफ करायचं. तोंडाला गमछा बांधून काही होत नाही, फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण चार-पाच मायक्रॉनहून बारीक असतात आणि कापडातून आरपार जातात. निदान एन-९५ दर्जाचा मास्क, नाकावरची पट्टी दाबून बसवलेला. दाढी असेल तर कडेने हवा शिरते आणि मास्कचा उपयोग जातो. कामाचे कपडे घरी झटकायचे नाहीत, ते बायका-मुलांच्या नाकात जातं. आणि बिडी बंद. एकच गोष्ट जमणार असेल तर ही.

पथ्यपाणी_गोकुळपेठ

हे माझ्या डोक्यातही नव्हतं. पत्रकाचा अर्धा भाग आता यालाच जाणार.

दोन गोष्टी राहिल्या. एक, पाणी. आरओचं काय सांगू? दोन, जे ऐकत नाहीत आणि झिंक घेणारच आहेत त्यांना वरची मर्यादा किती सांगू?

बोअरचंपाणी

पाण्याचं सांगते. शहरात नळाला येतं ते पेंच आणि कन्हानचं. त्यात लिटरला ४० मिलिग्रॅम कॅल्शियम धरलं तरी दोन लिटरांत ८०. पाव लिटर दुधात ३००. आरओने ते ८० गेले म्हणून सांधे बिघडत नाहीत. उरलेल्या खनिजांचा वाटा त्याहून किरकोळ.

विदर्भात पाण्यातल्या ज्या खनिजाने सांधे खरोखर धरतात ते फ्लोराइड. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते मर्यादेबाहेर आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून बरंच जास्त पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की हाडांचा फ्लोरोसिस होतो आणि ती माणसं "आमवात" म्हणून शहरातल्या दवाखान्यांत येतात. फरक असा: फ्लोरोसिसमध्ये मान आणि कंबर ताठते, माणसाला वाकून जमिनीवरचं नाणं उचलता येत नाही. आमवात बोटांच्या मुळाचे आणि मनगटाचे सांधे धरतो, कंबर सोडतो. फ्लोरोसिसमध्ये अँटी-सीसीपी निगेटिव्ह, आणि हाताच्या एक्स-रेत कोपर ते मनगट या दोन हाडांमधल्या पडद्यात चुना जमलेला दिसतो. गावातल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे असतील तर पाण्यावर संशय घ्याच.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. आरओने जातं. गावपातळीवर तुरटी आणि चुना घालून, ढवळून, निवळायला ठेवायची नलगोंडा पद्धत आहे. ती आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच बसवली. तुरटीचं प्रमाण पाण्याच्या क्षारतेवर आणि फ्लोराइडवर ठरतं, अंदाजाने घालायचं नाही. तुरटी जास्त पडली तर पाण्यात अ‍ॅल्युमिनियम उरतं.

तेव्हा "आरओ काढून टाका" असं छापलंत तर नेमक्या त्या गावांतल्या लोकांचं नुकसान कराल.

औषधखिडकी_सीताबर्डी

झिंकच्या मर्यादेचं. गोळीवरचा आकडा आणि त्यातलं खरं झिंक यांत लोक गोंधळतात. झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅमच्या गोळीत मूळ झिंक ५० मिलिग्रॅमच. प्रौढाने सगळं धरून दिवसाला ४० च्या वर दीर्घकाळ जायचं नाही. झिंक जास्त झालं की आतड्यात तांब्याचं शोषण अडतं आणि काही महिन्यांत तांबं संपतं. मग हिमोग्लोबिन उतरतं, पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, कमी होतात, पायाला मुंग्या येतात, चाल अडखळते. लोक बी-१२ देत बसतात. आणि रुग्ण आमवाताचा असेल, त्यावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध चालू असेल, तर पेशी उतरल्याचा दोष मेथोट्रेक्सेटला लागतो आणि चांगलं चाललेलं औषध बंद होतं. म्हणून पेशी उतरल्या की आधी विचारा, घरी कुठली कॅप्सूल चालू आहे?

सेलेनियमची वरची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम. एक मल्टिव्हिटॅमिन, वर एक "अँटिऑक्सिडंट", वर केसांसाठी एक, असं तिन्हींत सेलेनियम असतं आणि बेरीज कोणी करत नाही. जास्त झालं की केस गळतात, नखं तुटतात, श्वासाला लसणीचा वास येतो. केस गळतात म्हणून केसांची कॅप्सूल वाढवणारेही असतात, काय बोलायचं.

तांब्याचं कडं: २०१३ मध्ये इंग्लंडात ७० आमवात रुग्णांवर तांब्याची आणि चुंबकाची मनगटी कडी आळीपाळीने वापरून पाहिली. वेदना, सूज, कशातच फरक नाही. घालणाऱ्याला घालू द्या, फक्त औषध सोडून नको. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा लिंबूपाणी ठेवायचं नाही, कल्हई असेल तरच.

धातू-खनिजांपासून केलेली रसौषधं आणि भस्मं यांचं मात्र पत्रकात ठळक लिहा. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यांतल्या सुमारे २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. "सोन्याची इंजेक्शनं तर अ‍ॅलोपॅथीतही होती ना" असं विचारतात. होती, १९२९ पासून. ते सोन्याचं विरघळणारं क्षार होतं, मोजून द्यायचं, लघवी आणि पेशी तपासत राहायचं. तरीही त्वचा आणि मूत्रपिंडाच्या त्रासामुळे मागे पडलं.

पथ्यपाणी_गोकुळपेठ

झिंकसाठी ताटातून किती येतं याचा मी इथल्या जेवणावर हिशेब मांडला, कोणी तपासून द्याल का? बाईची शिफारस रोज १३.२ मिलिग्रॅम. ज्वारीच्या तीन भाकरी, १५० ग्रॅम पीठ, साधारण ३. हरभरा डाळ किंवा तूर ६० ग्रॅम, २. शेंगदाणे ३० ग्रॅम, १. तीळ २० ग्रॅम, दीड. जवसाची चटणी दोन चमचे, पाऊण. दूध-दही अर्धा लिटर, पावणेदोन. एकूण दहा.

सांधेजोड_धंतोली

हिशेब बरोबर, आणि प्रामाणिक आहे. दहावर थांबलात हेच खरं चित्र. वरचे तीन भरायचे तर एखादं अंडं, मूठभर भोपळ्याच्या बिया, किंवा आठवड्यातून दोनदा मटण, शंभर ग्रॅममध्ये चारेक मिलिग्रॅम. फक्त सावजीचं असेल तर मीठ आणि तेल बघा.

ज्वारी-डाळींतलं फायटेट झिंक आणि लोह दोन्ही धरून ठेवतं. मटकी-मूग मोड आणून खाल्ले, पीठ आंबवून वापरलं, तर ते सुटतं. जेवणाबरोबर चहा नको, तासाभराचं अंतर ठेवा. जेवणात संत्रं ठेवा, क जीवनसत्त्वाने डाळीतलं लोह दुपटीच्या आसपास शोषलं जातं. आणि गंमत म्हणजे वरच्या आयोवाच्या अभ्यासात आणि इंग्लंडातल्या नॉरफोकच्या पाहणीत, दोन्हींत, बीटा-क्रिप्टोझँथिन नावाच्या नारिंगी रंगद्रव्याचा आमवाताशी उलटा संबंध दिसला. नागपुरी संत्र्यात ते भरपूर असतं. हाही पुरावा पक्का नाही, पण संत्र्याने बहुतेकांना अपाय होत नाही. रस काढू नका, फोडी खा.

बाकी मुलीला खरं सांगायचं ते हे. सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली राहतात, मुठीचे उंचवटे दाबले की दुखतात, दोन्ही हातांत सारखं आणि सहा आठवड्यांवर चाललंय, तर खनिजांचा विचार सोडून अँटी-सीसीपी, आर-एफ, ईएसआर, सीआरपी करायचं. ताप येऊन गेला असेल तर चिकनगुनियाही तपासायचा, तो हुबेहूब नक्कल करतो. तीन महिन्यांच्या आत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात.

पथ्यपाणी_गोकुळपेठ

आभार सगळ्यांचे. औषधखिडकी, जाता जाता एक: आईच्या गोळ्या आणि खनिजांच्या गोळ्या यांच्या वेळा एका चौकटीत देता येतील का? घरात सगळं एकाच डबीत असतं.

औषधखिडकी_सीताबर्डी

चौकट नको, वाक्यं द्या, चौकट कापून फ्रिजला लावतात आणि अर्धीच कापतात.

सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यानंतर चार तास लोह नाही, कॅल्शियम नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणूनची आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेट असेल तर त्या दिवशी ती उठल्याबरोबर साध्या पाण्याच्या पूर्ण पेल्याबरोबर, त्यानंतर निदान अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. तिच्याआधी दूध नको, कॅल्शियमही नको. एकाच दिवशी थायरॉइड आणि अ‍ॅलेंड्रोनेट दोन्ही असतील तर क्रम डॉक्टरकडून लिहून घ्या.

कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंत, त्याहून जास्त एकदम शोषलं जात नाही. स्टेरॉइड तीन महिन्यांच्या वर चालणार असेल तर आहार धरून दिवसाला १,००० ते १,२०० पुरतात, आहारातून ७०० येत असतील तर एकच गोळी. लोह कॅल्शियमबरोबर नको. एक दुपारी, एक रात्री. सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही आमवाताची औषधं. सल्फासॅलाझिन आणि लोह यांत दोन तासांचं अंतर. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असेल तर पित्ताचं मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमवालं पांढरं औषध चार तास आधी किंवा नंतर, नाहीतर गोळी नुसतीच पोटातून जाते.

आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकच दिवस. तो दिवस पत्रकावर पेनाने लिहायला मोकळी जागा सोडा. ही गोळी आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, दोन्ही छोट्या पिवळट असल्या तर एकाच डबीत ठेवायच्या नाहीत.